सातानंतर

पाचवीच्या वर्गात अगदी मागच्या बाकावर, गुडघे पोटाशी घेऊन कशीबशी मावलेल्या, पाठाचं निरीक्षण करायला आलेल्या प्राध्यापिकेला तो अंगठा दिसला. फळ्याशी उभी असलेली मुलगी अजून शिक्षिका झालेली नव्हती. आजचा पाठ नीट झाला, गुण मिळाले, तर जूनपासून होणार होती. अर्धा आणि एक तृतीयांश यांच्या मध्ये आणखी एखादा अपूर्णांक बसतो का, असा प्रश्न तिनं वर्गाला टाकला होता, आणि तिसऱ्या बाकावरची घट्ट वेण्यांची एक पोर उत्तर द्यायला उठली होती. प्रश्न चांगला होता. इतका चांगला, की मागे बसलेल्या तिला क्षणभर हेवा वाटला, हा आपल्याला का नाही सुचला. पोर उभी होती. कुणाचं तरी कंपासपेटीचं झाकण उघडत होतं, मिटत होतं. आणि शिकवणाऱ्या मुलीच्या बाजूला सोडलेल्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून चालायला लागला. करंगळीची तीन पेरं, शेजारच्या बोटाची तीन, मग मधल्या बोटाचं एक. सात. "ठीक आहे, बस हं. आणखी कोण सांगेल?" आणि नेमक्या त्याच वेळी त्या पोरीचे खांदे वर आले होते. पाठमोरं मूल बोलणार असलं की तोंडाच्या आधी त्याचे खांदे बोलतात. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं, तीस वर्षं मागच्या बाकांवर बसून ती ते शिकली होती. खांदे वर आले, श्वास भरला गेला, आणि तो भरलेला श्वास तसाच घेऊन ती पोर खाली बसली. शिकवणारीनं मागे पाहिलं. भाजीची चव बघायला देऊन समोरच्याच्या तोंडाकडे पाहावं, तसं. प्राध्यापिकेच्या मांडीवर निरीक्षणाचा कागद होता. मुद्दा अकरावा: प्रश्न विचारल्यावर सात मोजेपर्यंत थांबले. होय, नाही. दोन चौकोन, बरोबरच्या खुणेची वाट बघत. तो मुद्दा तिचाच होता. आणि छातीत काहीतरी बारीकसं तुटलं. दोरा दातानं तोडतात तेवढंच, पण आवाज झाला.

मधल्या सुट्टीत ती त्या पोरीला शोधत नळापाशी गेली. पन्नाशी उलटलेली बाई, चष्मा, खांद्याला पिशवी, हे पाहून पोर आधी बिचकली. प्राध्यापिकेनं विचारलं, मघाशी तू काहीतरी सांगणार होतीस, हो ना. पोरीनं ओंजळीतलं पाणी सांडू दिलं, हात फ्रॉकला पुसले, आभाळाकडे पाहिलं. "होता एक," ती म्हणाली. "आता गेला." कुठे गेला, असं विचारण्यात अर्थ नव्हता. तरी तिनं विचारलं. पोरीनं तिच्याकडे असं पाहिलं, की एवढ्या मोठ्या बाईला एवढंही कळू नये. मग मैत्रिणींनी हाक मारली आणि ती पळाली. नळ टपटपत राहिला. प्राध्यापिकेनं तो घट्ट बंद केला, तरी टपटपतच राहिला.

पाठानंतरची चर्चा प्रयोगशाळेत झाली, कारण दुसरी खोली मोकळी नव्हती. काचेच्या बरण्यांच्या मधोमध ती शिकवणारी मुलगी वही उघडून बसली. तिला धीर धरवत नव्हता. बाई, मी सात मोजले, तुम्ही पाहिलंत ना, असं तिनं दोनदा विचारलं. पाहिलं, असं प्राध्यापिकेनं दोनदा सांगितलं. मुलगी हुशार होती, आणि प्रामाणिक होती, त्याचंच तर अवघड झालं. ती आपणहून म्हणाली, "सहाला मला वाटलं, ही बोलणार आता. पण मग सात झाले, बाई."

"मग?"

"मग काय, नियम आहे ना. तुमचाच."

प्राध्यापिकेनं कागद उलटा केला, सुलटा केला. अकराव्या मुद्द्यापाशी पेन थांबलं. मुलीनं पाहिलं, आणि तिचा चेहरा उतरला. कोरं का ठेवताय, दोन गुण जातील माझे, असं ती अगदी हळू म्हणाली. तिच्या घरची पहिलीच मुलगी होती ती नोकरीला लागणारी. सातपर्यंत थांबली होती का? होती. होय म्हणणं खोटं नव्हतं. प्राध्यापिकेनं होय वर खूण केली, आणि तिला वाटलं, आपण त्या वेण्यांच्या पोरीला पुन्हा एकदा खाली बसवलं.

त्या साताची गोष्ट कुणालाच ठाऊक नव्हती. बावीस वर्षांपूर्वी एका शिबिरात, दुपारची जेवणं झालेली, पंखे फिरतायत, निम्मे शिक्षक माना डोलावतायत, आणि ते काही पटलं म्हणून नव्हे. ती तेव्हा तरुण होती, आवाजाला धार होती. प्रश्न विचारलात की थांबा, ती सांगत होती, लगेच पुढच्याकडे वळू नका, लगेच उत्तर सांगून मोकळे होऊ नका. मुलाच्या डोक्यात दळण चाललेलं असतं, पीठ पडायला वेळ लागतो. तेव्हा झुपकेदार मिशांचे एक मुख्याध्यापक उठले होते. थांबा म्हणता, थांबतो, ते म्हणाले, पण किती? तास संपेपर्यंत की सेवानिवृत्त होईपर्यंत? गणिताच्या बाई तुम्ही, आणि आकडा सांगत नाही म्हणजे नवलच की. सभागृह जागं झालं, हसलं. आणि ती, हसण्याच्या त्या लाटेत पाय घसरू नये म्हणून, म्हणाली, सात. पुढे ती म्हणणार होती, की अहो, सात हा नुसता बोलायचा आकडा, मूल बोलेपर्यंत थांबायचं असतं. पण समोर पेनं चालू झाली होती. तोवर तिच्या कुठल्याच वाक्यावर एवढी पेनं एकदम चालली नव्हती. तिनं ते वाक्य गिळलं. मग तो सात शिबिराच्या टिपणात आला, टिपणातून हस्तपुस्तिकेत, हस्तपुस्तिकेतून तपासणीच्या कागदावर. दूरच्या एका विद्यापीठातल्या कुणी त्यावर प्रबंध लिहिला, त्यात सहाही नाही आणि आठही नाही, सातच का, याची चाळीस पानं होती. शिक्षक तिला पाठीमागे सातबाई म्हणायला लागले, हळूहळू समोरही. सातबाई आल्या, मोजायला लागा. तिला ते आवडायचं. खोटं कशाला बोला, फार आवडायचं.

आणि तो सात तोंडात आला कुठून, हेही तिला ठाऊक होतं. आईनं दिलेला होता. लहानपणी दोघी मायलेकी घरातच लपाछपी खेळायच्या. खोल्या दोनच, लपायला जागा अशी नव्हतीच. आई भिंतीकडे तोंड करायची, डोळ्यांवर पदर घ्यायची आणि गाण्यातच मोजायची. एकाला दार, दोनाला खिडकी, तिनाला तवा, चाराला फिरकी. पाचाला पाणी, सहाला सावली, सातव्याला शोधता दमली माउली. मग वळायची. लेक दारामागेच असायची, पाय दिसत असायचे, तरी आई आधी तव्याखाली बघायची, मग घागरीत डोकवायची, आणि म्हणायची, गेली वाटतं माझी बाई पळून. दारामागे श्वास कोंडून उभी राहिलेली ती. आईचं मोजणं सातला संपायचं, पण शोधणं कुठे संपायचं? ते तर तिथूनच सुरू व्हायचं. बावीस वर्षं आपण लोकांना अर्धंच गाणं शिकवलं, असं तिला त्या बरण्यांच्या खोलीत एकाएकी वाटलं, आणि तिथे बसवेना. अजून एक पाठ पाहायचा होता. डोकं दुखतंय असं शिपायाला सांगून ती निघाली. आयुष्यात पहिल्यांदा.

बसच्या खिडकीशी बसल्यावरही तिला चैन पडेना. पिशवी या मांडीवरून त्या मांडीवर झाली. समोरच्या सीटवर कुणाचं तरी तान्हं मूल तिच्याकडे टक लावून बघत होतं, आणि तिला ते बघणंही सहन होईना. तिचा अंगठा चालला होता. कधीपासून, कोण जाणे. करंगळीचं पहिलं, दुसरं, तिसरं. तिनं मूठ मिटली. मुठीच्या आत तो चाललाच. मग रविवार आठवला. आठवला म्हणजे काय, सकाळपासून तो दारामागे उभाच होता, त्याचे पाय दिसत होते, फक्त ती तव्याखाली बघत होती.

रविवारी लेकीचा फोन आला होता. लेक दुसऱ्या शहरात, दोन दिवसांच्या वाटेवर. तिच्या इमारतीत तळमजल्यावरची जागा रिकामी होत होती. तुम्ही दोघं या आता इकडे, लेक म्हणाली, तू दोन महिन्यांत निवृत्त होतेस, बाबांचं एकटीनं करून तुझी हाडं राहिली आहेत का, आरशात बघ एकदा. घरमालकाला मंगळवारी संध्याकाळी होय की नाही ते सांगायचं आहे. बाबांना विचार आणि मला कळव. चौदा महिन्यांपूर्वी नवऱ्याच्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली होती. उजवा हात गेला, तो बराचसा परत आला. बोलणं गेलं, ते पुरतं आलं नाही. वाचा-उपचाराची बाई म्हणाली होती, त्यांना सगळं समजतं, शब्दही सगळे आत आहेत, फक्त आतून बाहेर यायची वाट उखडली आहे, घाई करू नका. तेव्हा सातबाई मनातल्या मनात हसली होती. मला शिकवतेय थांबायला. आणि घरी येऊन थांबली होती, अगदी पद्धतशीर. तो नुसतं 'च' म्हणायचा. ती मोजायची. मग चहा? चष्मा? चादर? तो कशावर तरी मान हलवायचा. हलवायचाच. पोरांना पर्याय देऊ नका, पर्याय दिले की ती उत्तर शोधत नाहीत, तुमचा चेहरा शोधतात, हे तिनं हजारो शिक्षकांना सांगितलं होतं. रविवारी तिनं त्याला विचारलं, लेकीकडे जायचं का कायमचं? तो खिडकीकडे बघत राहिला. ती थांबली. किती थांबली? आता बसमध्ये तिला सगळं आठवत होतं, खिडकीच्या गजांची सावली त्याच्या शर्टावर कुठवर आली होती तेही, आणि मधल्या बोटाच्या पहिल्या पेरावर टेकलेला आपला अंगठाही. मग ती उठली होती. आणि लेकीला फोनवर म्हणाली होती, बाबांना चालेल गं. नाही म्हणाले नाहीत.

नाही म्हणाले नाहीत! हे वाक्य एखाद्या शिक्षकानं तिला सांगितलं असतं, समजलं का विचारलं तर कुणी नाही म्हणालं नाही, तर तिनं त्याला उभाआडवा घेतला असता. आणि खरं आणखी खाली होतं, तळाशी, गाळात. तिला जायचं होतं. तिला दमायला झालं होतं. सकाळी त्याला अंघोळ घालताना, पाठीवर पाणी ओतताना, तिच्या कमरेत कळ यायची आणि ती दात आवळून गाणं गुणगुणायची, त्याला कळू नये म्हणून. लेकीच्या घरी दोन हात जास्तीचे असते. रात्री एकदा तरी कुणी म्हणालं असतं, आई, तू झोप. म्हणून सातला तिचे पाय उठले होते. आठाला तो बोलला असता तर? मिशीवाल्यांचं बरं होतं, त्यांना आकडा हवा होता. तिलाही हवाच होता. आकडा असला की थांबल्याचं पुण्य पदरात पडतं आणि ऐकायची जोखीम टळते. नवरा मोजणी खात्यात नकाशे काढायचा, बोलका होता, फिरक्या घ्यायचा. आमच्याकडे बोटभर मोजणी चुकली तर दोन सख्खे भाऊ कोर्टात जातात, तो म्हणायचा, तुमच्याकडे मोजणी चुकली तर काय होतं गं, सातबाई? काही नाही, ती म्हणायची, पोरं खाली बसतात. दोघं हसायची. तिचा थांबा मागे गेला, तेव्हा कुठे तिला कळलं. एक थांबा उलट चालत ती घरी आली, जवळजवळ पळत.

तो खिडकीशी टेबलाला बसला होता. समोर कोरा कागद, डाव्या हातात पेन्सिल. डाव्या हातानं तो गल्लीचा नकाशा काढायचा, रोज तोच, रोज थोडा कमी वाकडा. न्हाव्याचं दुकान, पिठाची गिरणी, औषधांचं दुकान, कोपऱ्यावरचं झाड. दुपारी तो एकटा तेवढी फेरी मारून यायचा. त्याला बोलावं लागायचं नाही. न्हावी त्याला पाहून खुर्ची पुसायचा, औषधवाला पुडी बांधून ठेवायचा. आज लवकर कशी, असं त्याच्या भुवया म्हणाल्या. तिनं पिशवी ठेवली, खुर्ची ओढली आणि समोर बसली. चार वाजून गेले होते. आज मंगळवार, सहाला लेकीचा फोन येणार होता.

"अहो, रविवारी मी तुम्हाला विचारलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही उत्तर दिलं नव्हतं. मीच दिलं. आता परत विचारते. लेकीकडे राहायला जायचं का आपण?"

त्यानं पेन्सिल खाली ठेवली. तिनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले, परीक्षेत शेजारच्याची वही न बघण्याची शपथ घेतलेल्या मुलीसारखे. आणि थांबणं सुरू झालं. आधी आवाज आले. गिरणीचा घरघराट, वरच्या मजल्यावर ओढलेली खुर्ची, तिचं स्वतःचं गिळणं. मग आवाज ओसरले आणि खाज सुटली, आधी नाकाच्या शेंड्याला, मग पाठीला. मग आतून वाक्यं यायला लागली, एकापाठोपाठ एक, तयार, इस्त्री केलेली. जायचं नसेल तर राहू या. जाऊन तर बघू या. तुमची तब्येत आधी. प्रत्येक वाक्य दातांपर्यंत यायचं आणि ती ते मागे ढकलायची. तीस वर्षं थांबणं शिकवणाऱ्या बाईला थांबणं हे असं असतं याची कल्पना नव्हती. पाण्याखाली श्वास धरल्यासारखं. त्याचे डोळे तिच्या चेहऱ्यावरून खाली उतरले, मांड्यांपाशी आले, दाबून धरलेल्या हातांवर थबकले. ओठाचा एक कोपरा, चांगला असलेला, वर गेला.

"आज," तो म्हणाला. मग बराच वेळ काही नाही. "मोज... मोजत... नाहीस?"

तिला रडू यायला हवं होतं, पण हसूच आलं, मोठं, पोटातून. म्हणजे चौदा महिने त्याला माहीत होतं. चष्मा की चादर म्हणताना मधल्या बोटावर टेकणारा तिचा अंगठा तो रोज बघत होता, आणि त्याला हवी असलेली चावी न मिळताच चादरीवर मान हलवत होता. नाही मोजत, ती म्हणाली. त्यानं मान डोलावली, बरं केलंस, अशी, आणि पुन्हा खिडकीकडे वळला. पण आता त्याचे खांदे, तिनं पाहिलं, खाली नव्हते. ते कुठेतरी मध्ये होते, वर यायच्या वाटेवर. खिडकीतलं ऊन टेबलावरून कागदावर आलं, कागदावरून भिंतीवर चढलं. तिला दिवा लावावासा वाटला, चहा टाकावासा वाटला, काहीही करावंसं वाटलं.

"तिकडे," तो म्हणाला. डावा हात कागदावर पसरला. "हर... हरवलो... तर." घाम आला होता त्याच्या कपाळावर. तिनं तो पुसला नाही. "पत्ता... कसा... सांगू?"

उत्तरं चारही बाजूंनी धावत आली. खिशात चिठ्ठी ठेवू. गळ्यात कार्ड घालू. लेक सोबत येईल. एकटं जायचंच कशाला. सगळी बरोबर होती, शंभरपैकी शंभर, आणि एकही त्याच्या प्रश्नाचं नव्हतं. तिच्या कमरेत ती ओळखीची कळ उठली, उद्या सकाळच्या अंघोळीची, परवाच्या, पुढच्या सगळ्या सकाळींची. कुणी तू झोप म्हणणार नव्हतं. ती कळ तिनं होती तिथे राहू दिली. त्यालाच अजून बोलायचं होतं. "इथे," तो म्हणाला, आणि पुढचा शब्द येईपर्यंत गिरणी बंद झाली होती. "राहू... दे... मला."

सहाला फोन वाजला. लेक घाईत होती, मागून भांड्यांचे आवाज येत होते. मग काय, कळवू ना त्यांना होय म्हणून? प्राध्यापिकेच्या जिभेवर वाक्य तयार होतं, स्वच्छ, पूर्णविरामासकट. बाबांना यायचं नाहीये. चार सेकंदांचं काम. तिनं फोनचा आवाज मोठा केला आणि तो टेबलावर, नवऱ्याच्या पुढे ठेवला.

"थांब," ती म्हणाली. "बाबा सांगतायत."

त्यानं फोनकडे पाहिलं, मग तिच्याकडे. घाबरला होता. ओठ हलले, मिटले. लेकीच्या स्वयंपाकघरातली शिट्टी वाजली, कुणीतरी गॅस बंद केला. लेक म्हणाली, हं, बाबा. मग म्हणाली, बाबा? मग काही वेळ नुसताच तिचा श्वास ऐकू आला, आणि मग तिचा आवाज उंचावला.

"हॅलो? आई? लाइन गेली का?"

नवऱ्याचे खांदे वर आले होते.

"नाही गं," ती म्हणाली. "आहे लाइन. बाबा बोलतायत."